पाणी कुठे मारणार?

रविवारी सकाळी सहाला मी बाल्कनीत बोटाएवढी एक नळी उभी धरून तिच्यात एक डोळा घालून बसलेला असतो, आणि हे गेले चार-सहा महिने बघून शेजारच्या काकूंचा समज झालाय की मला शुगर आहे आणि मी घरच्या घरी काहीतरी तपासतो. त्यांनी बायकोला कारल्याचा रस सुचवला. बायकोनेही खरं काय ते सांगितलं नाही, कारण खरं सांगण्यापेक्षा शुगर बरी असं तिचं म्हणणं.

तर खरं असं, की ती नळी म्हणजे माझ्या रिमोटच्या बग्गीचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या मापाची बग्गी, दीड किलोच्या आसपास वजन, ७.४ व्होल्टची लिपो बॅटरी, असे चार शॉक. त्यात सिलिकॉनचं तेल भरायचं, पिस्टन हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत श्वास धरून बघत बसायचं, मग झाकण लावायचं, आणि झाकण लावताना हमखास एक बुडबुडा आत जातो तो जातोच. मग परत पहिल्यापासून. रेस पाच मिनिटांची आणि तयारी सहा दिवसांची, लग्नाच्या सीझनमधल्या मांडववाल्याची गत आहे.

हे सगळं १९८४ साली बिघडलं असं माझं ठाम मत आहे. त्या साली टामिया कंपनीची ग्रासहॉपर ही रिमोटची बग्गी आली, तिच्यात शॉकच्या नावाला नुसती स्प्रिंग, तेल-बिल काही नाही. बॉक्समधून काढा, जोडा, उडवा. आणि त्याच साली असोसिएटेड कंपनीची आरसी-टेन ही बग्गी आली, तेल भरलेले शॉक, जे पाहिजे ते अ‍ॅडजस्ट करा. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मार या गावी अशा बग्ग्यांची, मातीतल्या ऑफ-रोडची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप. झालं, माणसं कामाला लागली ती आजपर्यंत. एकदा अ‍ॅडजस्ट करता येतं म्हणलं की माणूस करणारच, त्याला इलाज नाही.

तेलाला घट्टपणाचे नंबर असतात. पाण्याचा नंबर एक धरला तर माझ्या शॉकमधलं तेल साधारण साडेतीनशे, आणि मोठ्या बग्ग्यांच्या डिफमध्ये, म्हणजे चाकांमधल्या डिफरन्शियल गिअरमध्ये, पाच-सात हजाराचं घालतात, म्हणजे जवळजवळ मधच. त्यात परत ऊन वाढलं की तेल पातळ होतं, म्हणजे जानेवारीतलं साडेतीनशे एप्रिलमध्ये साडेतीनशे राहत नाही. एकदा मी डायनिंग टेबलवर दोन बाटल्या उजेडाला धरून बसलो होतो आणि आतून आवाज आला, "अहो, आमटी घट्ट ठेवू की पातळ?"

"साडेतीनशे," मी म्हणलं.

त्या दिवशी आमटी आलीच नाही. पिठलं आलं. पाच हजाराच्या खाली नव्हतं.

आमचा ट्रॅक सासवड रोडला एका मित्राच्या शेतात आहे. खाली काळी माती, वर दोन ट्रॉल्या मुरूम ओतून रोलरने दाबलेला, वळणाला ड्रिपचे जुने पाइप, आणि मातीचे पाच जंप. लांबून बघितलं तर कुणाला वाटेल भुईमूग लावलाय. पण ही जमीन दिवसातून तीनदा स्वभाव बदलते. सकाळी पाणी मारलेलं असतं तेव्हा मुरूम गच्च बसलेला, ग्रिप अशी की वळणात टायर जमीन सोडतच नाहीत, उलट गाडी स्वतःच कोलांटी मारते. याला ट्रॅक्शन रोल म्हणतात, नाव भारदस्त आहे पण दिसायला ते झुरळ पाठीवर पडल्यासारखंच दिसतं. अशा वेळी गाडी दोन मिलिमीटर खाली बसवा, स्प्रिंग कडक करा, तेल घट्ट करा, टायर बारीक पिनांचे, म्हणजे बारक्या रबरी काट्यांचे, लावा. मग अकरा वाजता ऊन चढतं, ओल जाते, वर पिठासारखी धूळ सुटते, आणि तीच गाडी आता गॅस दिला की मागनं फिरते आणि आली त्या दिशेला तोंड करून उभी राहते, जणू घरी काहीतरी विसरलीय. आता सगळं उलट. स्प्रिंग मऊ, तेल पातळ, बॅटरी मागे सरकवा म्हणजे मागच्या चाकांवर वजन येईल, टायर उंच पिनांचे. आणि पाऊस पडून खालची काळी माती वर आली तर कुठलाच सेटअप नाही, टायरांच्या पिनांमध्ये चिखल भरून चाकांचे चार बेसनाचे लाडू होतात, घरी या आणि भजी खा.

बरं, एक गोष्ट बदलली आणि झालं असंही नाही. गाडी खाली बसवली की चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो, कॅम्बर नीट केला की पुढची चाकं जरा तिरकी झाल्यासारखी वाटतात, ती सरळ करेपर्यंत लक्षात येतं की राइड हाइट, म्हणजे गाडीची जमिनीपासूनची उंची, बॅटरी न लावताच मोजली होती. सासूसुनांच्या भांडणात मध्ये पडल्यासारखं आहे, एकीला समजावलं की दुसरी रुसते.

मी वही ठेवलीय. दोनशे पानी, कव्हर घातलेली. "ऊन, धूळ, मागचं तेल ३००, कॅम्बर वजा १, मागचा टो-इन ३, गाडी बरी." अशा नोंदी. टो-इन म्हणजे चाकांची तोंडं किती आत वळलेली ते. मुलीच्या शाळेत वडिलांच्या छंदावर निबंध होता तेव्हा तिने ती वही वाचून लिहिलं की माझे बाबा दर रविवारी बरे असतात. मागच्या दिवाळीत ही वही आणि गाडी घेऊन सासरी चिपळूणला गेलो. अंगणात जांभ्याची लाल माती, वर ज्वारीएवढे खडे, वही उघडली, धुळीचं पान काढलं, तसा सेटअप केला आणि गाडी सोडली तर ती खड्यांवरून अशी घरंगळली की सरळ तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालून नारळाच्या आळ्यात. सासरे झोपाळ्यावरून म्हणाले, "जावईबापू, ब्रेक नाय काय हो हिला?" ब्रेक आहे. जमीनच नव्हती तिच्याखाली.

असो. मागच्या महिन्यात आमची सात जणांची रेस होती. पहिली हीट, म्हणजे फायनलच्या आधीची फेरी, नऊ वाजता. मी रात्री एक वाजेपर्यंत बसून धुळीचा सेटअप करून नेलेला, आणि मित्राने हौसेने सकाळीच टँकर मारून ठेवलेला. तीन झुरळं. दीड तासात शेडखाली बसून चारही शॉक उघडले, घट्ट तेल भरलं, गाडी खाली घेतली, नवीन टायर रिमला सुपरग्लूने चिकटवले, त्यात डाव्या हाताची दोन बोटंही चिकटली, ती सोडवेपर्यंत दुसरी हीट आली. पावणेअकरा. ट्रॅक खडखडीत वाळलेला. गाडी पहिल्याच वळणात उलटं तोंड करून उभी.

फायनल बारा वाजता. मी आता हुशार झालो होतो. परत सगळं सोडलं, पातळ तेल, मऊ स्प्रिंग, बॅटरी मागे, उंच पिना. तेल हाताला, हात कपाळाला, एक बारका स्क्रू गवतात. गाडी तयार झाली तशी दोन प्रॅक्टिस राउंड मारले, आणि खरं सांगतो, अशी चालली, अशी चालली की मी वहीत आधीच "गाडी उत्तम" लिहून टाकलं.

तेवढ्यात वडापाववाल्या मामांनी तक्रार केली की धूळ चटणीवर उडतेय. रास्त तक्रार होती. मित्राने टँकरवाल्याला हाक मारली, आणि टँकरवाल्याने मामांच्या गाडीसमोरचा तेवढा अर्धा ट्रॅक भिजवला आणि पाणी संपलं म्हणून निघून गेला.

म्हणजे आता अर्धा ट्रॅक नऊ वाजताचा आणि अर्धा बाराचा. वहीत असं पान नाही. पुढचे शॉक ओल्यासाठी आणि मागचे सुक्यासाठी ठेवावेत का, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला आणि मला लाज वाटते की मी तो पंधरा सेकंद गंभीरपणे केला. मग तशीच सोडली. सुक्यात मी दोन नंबरला होतो, ओल्यात शिरलं की कोलांटी, मार्शल धावत येऊन सरळ करणार, परत सुक्यात गाठणार, परत ओल्यात झुरळ. सातात पाचवा आलो. सहावा आणि सातवा या दोघांच्या बॅटऱ्या बसल्या होत्या.

आता मी सेटअपची सुरुवात शनिवारी संध्याकाळी फोनने करतो. परवा लावला. "मामा, उद्या गाडी कुठं लावणार?"

"कोण, ते उलटणारे साहेब का? बघू की. गिऱ्हाइक कुणीकडं बसतंय त्यावर हाय."

"नाही, पण अंदाजे? बाभळीकडे की विहिरीकडे?"

मामा जरा थांबले. "किती वडे घेणार?"

"दहा."

"मग बाभळीखाली लावतो."

मी आत जाऊन तेलाची बाटली उघडली.