चहाआधीचा अर्धा तास

पॅन्टोप्राझोल या ॲसिडिटीवरच्या गोळीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. लहानशी, पिवळसर, घोटभर पाण्याबरोबर मुकाट्याने खाली जाणारी. तक्रार आहे ती चिठ्ठीवर तिच्यापुढे लिहिलेल्या तीन शब्दांबद्दल: ‘खाण्याआधी अर्धा तास’. हा अर्धा तास ज्याने कुणी ठरवला, तो नाशिकला आमच्या घरी सकाळी कधी उठलेला नसणार.

आमच्याकडे चहा झाल्यावर सकाळ सुरू होते. त्याआधी जे काही असतं, ती रात्रच. आणि हा चहा करायचा मी. आलं किसायचं मी, गवती चहाची पात कापायची मी, दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर नजर ठेवून उभं राहायचं तेही मी. मग सगळ्यांच्या हातात कप द्यायचे आणि स्वतः घड्याळाकडे बघत बसायचं. समोर अहो फुर्रर्र करून पहिला घोट घेतात आणि वर म्हणतात, “वा! आज जमलाय.” मला कसं कळणार जमलाय की नाही?

“डॉक्टर, खाण्याआधी लिहिलंय. चहा म्हणजे काही खाणं नव्हे,” असं मी सुरुवातीलाच बोलून बघितलं.

“ताई, तुम्ही त्यात दूध-साखर घालता ना? मग पोटाच्या हिशेबाने ते खाणंच.”

“बिनसाखरेचा घेतला तर?”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मला अर्धा तास म्हणजे नेमकं काय होतं हे समजल्याशिवाय चहा सोडवेना. मग डॉक्टरांनी पुढच्या खेपेला कागदावर जठराचं चित्र काढून समजावलं. आपलं जठर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस तयार करतं, आणि त्यातलं आम्ल इतकं कडक असतं की ही गोळी स्वतःच त्यात टिकत नाही. म्हणून तिच्यावर खास आवरण असतं. ती जठरातून तशीच पुढे जाते, आतड्यात विरघळते, रक्तात उतरते आणि रक्तातून उलटी फिरून जठराच्या भिंतीतल्या पेशींपर्यंत येते. तिथे आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. गंमत अशी की गोळी फक्त चालू पंपांनाच कुलूप घालू शकते, बंद पंपांना तिला हातही लावता येत नाही. आणि पंप चालू होतात खाणं पोटात आलं की.

म्हणजे हा सगळा प्रकार महापालिकेच्या अतिक्रमणवाल्या गाडीसारखा आहे. हातगाड्या लागलेल्या असतील तरच गाडीला काही उचलता येणार. गोळी रक्तात जेमतेम तास-दोन तास टिकते. ती चक्कर मारून गेल्यावर हातगाड्या लागल्या तर उपयोग नाही, आणि सगळा माल विकून झाल्यावर गाडी आली तरी उपयोग नाही. त्यामुळे आधी गोळी, मग अर्धा तास, मग चहा. शिवाय पहिल्याच दिवशी सगळे पंप हाती लागत नाहीत आणि शरीर रोज नवे पंप बनवत असतं. पुरता गुण यायला तीन-चार दिवस जातात आणि तोवर छातीतली जळजळ आपल्या जागी असते.

आमच्या ह्यांचं गोळीशास्त्र मात्र स्वतंत्र आहे. ते लग्नाला जाताना खिशात गोळी ठेवतात, मठ्ठा-जिलबी-मसालेभात यथास्थित हाणतात, आणि हात धुता धुता गोळी घेतात. त्यांच्या मते गोळी ही बडीशेपेच्या जागी आहे. मी अतिक्रमणाची गाडी वगैरे सांगून बघितलं. “पण मला लगेच बरं वाटतं,” असं त्यांचं उत्तर. लगेच बरं वाटणं हे या गोळीच्या स्वभावातच नाही. तयार झालेलं आम्ल जागच्या जागी मारायचं काम त्या गुलाबी पातळ औषधाचं, ज्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. त्यातल्या ॲल्युमिनियमने पोट साफ होत नाही आणि मॅग्नेशियमने जास्तच साफ होतं. म्हणून दोन्ही एकाच बाटलीत घालतात आणि तुमचं तुम्ही आपसात मिटवा म्हणून सोडून देतात. मला ही योजना फार आवडते. आमच्या सोसायटीच्या कमिटीतही बहुधा हेच धोरण आहे.

आता मुळात मला हे दुखणं कळलं कसं? रात्री आडवं पडलं की घशाशी आंबट पाणी यायचं, कोरडा खोकला लागायचा आणि सकाळी आवाज बसलेला असायचा. आपल्याकडे एखादीने “पित्त झालंय” म्हटलं की ऐकणाऱ्याच्या अंगात वैद्य संचारतो. शेजारच्या काकूंनी साळीच्या लाह्या भिजवून खायला सांगितल्या. जाऊबाईंनी व्हिडिओ कॉलवर धणे-जिऱ्याचं पाणी कसं उकळायचं ते दाखवलं. मावशीने मोरावळ्याची बरणी पाठवली, ती मुलांनी संपवली. सासूबाईंचा भरवसा गार दुधावर. “दोन घोट गार दूध घे, बघ कसं शांत होतं.” होतं, अगदी खरं आहे, होतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा कामाला लावतात आणि थोड्या वेळाने जळजळ ताजीतवानी होऊन परत येते. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. घरात शांतता हवी असेल तर काही शास्त्र आपल्यापुरतं ठेवावं.

शेवटी एंडोस्कोपी झाली, म्हणजे घशातून दुर्बिणीची नळी घालून तपासणी. आदल्या रात्रीपासून उपाशी, घशात बधिर करणारा कडू फवारा, दातांत प्लॅस्टिकची कडी, डाव्या कुशीवर झोप आणि “ताई, गिळा, गिळा, छान!” असं कौतुक. आयुष्यात गिळण्याबद्दल माझं कौतुक पहिल्यांदाच झालं. रिपोर्टात लिहून आलं: अन्ननलिकेला सूज, ‘ग्रेड ए’. या मोजणीत ‘ए’ म्हणजे सगळ्यात सौम्य, पण सासूबाईंनी तेवढाच शब्द उचलला आणि संध्याकाळी मुंबईच्या नणंदेला फोनवर सांगितलं, “हो, हो, काळजीचं काही नाही. हिला ए ग्रेड मिळाली.”

गोळीबरोबर बाकीचा अभ्यासक्रमही आला. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा, डाव्या कुशीवर झोपा, पलंगाची उशाकडची बाजू सहा-आठ इंच उचला. उशा वाढवू नका, त्याने पोटच दुमडतं, पलंग उचला. आमचा पलंग पेटीचा. त्यात चार गाद्या, लग्नातला पितळी हंडा, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या तीन पिढ्या आणि कुणाचं तरी कॅरम आहे. तो उचलायला क्रेन लागेल. शेवटी उताराची फोमची उशी आणली. तिच्यावरून मी रात्रभर सावकाश खाली घसरते आणि पहाटे पलंगाच्या पायथ्याशी सापडते. डाव्या कुशीचं म्हणाल तर डाव्या बाजूला ‘हे’ असतात आणि तेही त्यांच्या कारणाने तोंड उघडं ठेवून झोपतात.

पण हे सगळं एक वेळ जमलं. जमली नाही ती संकष्टी.

जठरातलं आम्ल उलटं अन्ननलिकेत चढतं, त्याला रिफ्लक्स म्हणतात. ज्यांना रिफ्लक्स म्हणजे काय ते कळत नाही, त्यांनी संकष्टी करून पाहावी. सकाळपासून उपास, म्हणून चहा जास्त. दुपारी साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट, मिरची आणि तूप, तिन्ही सढळ. चारला पुन्हा चहा, बरोबर बटाट्याचा चिवडा. मग कॅलेंडर काढून चंद्रोदयाची वेळ बघायची. मुंबईची वेगळी, नाशिकची वेगळी, त्यावर दोन मिनिटांचा वाद. रात्री नऊ-साडेनऊला चंद्र. त्याला ओवाळून, गणपतीला नैवेद्य दाखवून पान वाढायचं: वरणभात, बटाट्याची भाजी, तळणीचे मोदक. उठेपर्यंत साडेदहा. दुसऱ्या दिवशी शाळा-ऑफिस, म्हणून अकराला सगळे आडवे. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधली झडप आधीच सैल, त्यावर भरलेलं पोट, त्यात तेल-तुपाने रेंगाळलेलं जेवण, आणि वरून आपण आडवं होऊन उरलेसुरले अडथळेही दूर केलेले. डॉक्टरांच्या पुस्तकात लिहिलेलं एकही पथ्य मोडायचं राहत नाही. मंगळवारी आली तर अंगारकी, तेव्हा तर नाही म्हणायची सोयच नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, “उपासाच्या दिवशी गोळी कशाच्या आधी घ्यायची? खिचडीच्या की चंद्राच्या?”

ते म्हणाले, “ताई, तुम्ही आधी उपास सोडा.”

“सोडतेच की. चंद्र दिसल्यावर.”

त्या दिवसापासून ते माझ्याशी कमी बोलतात.

अशात सासूबाईंचं प्रकरण उपटलं. त्यांचे गुडघे जुने, आणि गुडघ्यांच्या गोळ्या त्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणवायच्या, चिठ्ठीबिठ्ठी नाही. अशा वेदनाशामक गोळ्या दुखणं थांबवतात ते ठीक, पण जठराच्या अस्तराची राखण करणारी द्रव्यंही थांबवतात. त्यांना चक्कर यायला लागली, हिमोग्लोबिन उतरलं, तेव्हा आत रक्त झिरपतंय का हे बघायला डॉक्टरांनी विचारलं, “शौचाला काळीकुट्ट होते का?” हा प्रश्न मुलासमोर! सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, “रंग कोण बघतं?” एंडोस्कोपीत जठरात अल्सर निघाला. तिथलाच एक कणभर तुकडा काढून पिवळ्या चाचणीत ठेवला, तो गुलाबी झाला. गुलाबी म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू पोटात आहे.

इथे घरात मोठाच पेचप्रसंग उभा राहिला. सासूबाई बाहेरचं पाणी पीत नाहीत, लग्नात स्वतःचा पेला नेतात, भाजी मिठाच्या पाण्यातून काढतात. त्यांच्या पोटात जंतू? डॉक्टरांनी समजूत घातली, की आजी, हा बहुधा लहानपणीच शिरतो, जगातल्या निम्म्याअधिक लोकांच्या पोटात असल्याचे अंदाज आहेत आणि बहुतेकांना आयुष्यभर तो काही करत नाही. लहानपणी म्हटल्यावर सासूबाईंना हायसं वाटलं. म्हणजे तो माहेरचा निघाला, या घराचा दोष नाही. हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की माहेर म्हणजे त्यांचंच. मग त्यांनी पुन्हा छताकडे बघितलं.

या जंतूची गोष्ट मी त्यांना रात्री सांगितली. फार वर्षं सगळे मानत, अल्सर होतो तो काळजीने आणि तिखटाने. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ गावच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना वाटे, यामागे जंतू आहे. पण प्रयोगशाळेत तो काही केल्या वाढेना. १९८२ साली ईस्टरची जोडून सुट्टी आली, तबकड्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यात तो वाढला. तरी लोक पटवून घेईनात. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं पाणीच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, आणि तपासणीत जठराला सूज. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याच्या बायकोने पिऊ कसं दिलं?”

त्यांना चौदा दिवसांचा कोर्स मिळाला. दोन प्रतिजैविकं, शिवाय आपली पॅन्टोप्राझोल, ती सुद्धा दिवसातून दोनदा. म्हणजे घरात आता माझा एक आणि त्यांचे दोन असे तीन अर्धे तास झाले. सकाळी आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, मध्ये झाकलेलं चहाचं पातेलं. संध्याकाळचा त्यांचा अर्धा तास नेमका मालिकेच्या वेळेत यायचा आणि गोळी घेतली की नाही हे त्या जाहिरातीत आठवायच्या. एका प्रतिजैविकाने तोंडाची चव धातूची होते. “वरणाला पातेल्याची चव येतेय,” म्हणून चांगलं पातेलं भंगारात जाता जाता वाचलं.

आमचं हे अग्निहोत्र बघून ह्यांनी परस्पर स्वतःची गोळी बंद केली. “मला कुठे काय झालंय?” आठवडाभरात जळजळ दुपटीने आली. बरेच महिने दाबून ठेवलेलं आम्ल गोळी एकदम सोडली की उसळी मारून येतं, म्हणून डॉक्टर हळूहळू सोडवतात, गरज नसेल तर. गरज नसताना वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियमकडे बघावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. ह्यांना आता एक दिवसाआड गोळी आहे. कुठला दिवस गोळीचा आणि कुठला बिनगोळीचा, हे ते मला विचारतात.

सासूबाईंचा अल्सर भरत आलाय. जंतू गेला की नाही बघायला श्वासाची चाचणी करायची आहे. कोर्स संपून महिना झालेला हवा, त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद हवी आणि सकाळी उपाशीपोटी जाऊन पिशवीत फुंकर मारायची. पाणीसुद्धा विचारून घ्यायचं. मी तारीख ठरवायला कॅलेंडर हातात घेतलं, तर त्यांनी ते माझ्याकडून ओढून घेतलं, चष्मा लावला आणि बोट फिरवत एका चौकोनावर ठेवलं.

“उपाशीपोटीच जायचंय ना? मग संकष्टीला जाऊ. एका उपासात दोन कामं.”