नुसतं ‘ह्याला घ्या’ म्हणू नका, त्याच्यासाठी बाहेर कोण तेही सांगा

वनडेची मोठी स्पर्धा लागली की आपल्या कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यापासून मिरजकर तिकटीपर्यंत प्रत्येकाची अकरा जणांची टीम तयार असते. ह्याला का बसवलाय, त्याला कशाला घेतलाय, अमक्याचा फॉर्म दिसत नाही काय. वाद व्हायलाच पाहिजेत. पण आपले बहुतेक वाद बॅट्समनच्या नावावर सुरू होतात आणि तिथंच संपतात. माझं मत ठाम आहे. वनडेची टीम एक नंबरपासून लिहायला घेतली की चुकते. आधी ५० ओव्हर्स वाटायच्या, मग उरलेल्या जागांवर बॅट्समनसाठी भांडायचं.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ फुटबॉल मॅच असली की एक फॉरवर्ड वाढवल्यावर मागं कुठं भगदाड पडणार हे गॅलरीतला शाळकरी पोरगाही सांगतो. क्रिकेटमध्येही तसंच भगदाड पडतं. फक्त ते पंचविसाव्या-तिसाव्या ओव्हरला दिसतं, म्हणून टीम लिहिताना कुणाच्या लक्षात येत नाही.

कागद घ्या आणि तीन भाग करा. पहिल्या १० ओव्हर्स, सर्कलबाहेर (पिचभोवतीच्या ३० यार्डांच्या रेषेबाहेर) दोनच फिल्डर. ११ ते ४०, बाहेर चार. ४१ ते ५०, बाहेर पाच. एका बॉलरला जास्तीत जास्त १० ओव्हर्स. आता तीन फास्ट आणि दोन स्पिनर धरून वाटप करा. पहिल्या दहात मुख्य फास्ट बॉलरच्या ४, दुसऱ्याच्या ४, तिसऱ्याच्या २. शेवटच्या दहात मुख्य बॉलरच्या ४, तिसऱ्याच्या ४, दुसऱ्याच्या २. मधल्या तीसमध्ये मुख्य बॉलरच्या २, बाकी दोघांच्या ४-४ आणि स्पिनरच्या १०-१०. बेरीज बरोबर ५० येते. अडचण इथंच आहे, कारण बरोबर ५० म्हणजे शिल्लक शून्य. एका स्पिनरला ४ ओव्हर्समध्ये ४० पडल्या तर त्याच्या उरलेल्या ६ ओव्हर्स टाकायला कुणीच नाही. कॅप्टनला त्यालाच परत आणावं लागतं, आणि समोरचे दोघं त्याचीच वाट बघत असतात. नाहीतर मुख्य बॉलरच्या शेवटच्या ओव्हर्स मधेच खर्च होतात आणि ४७व्या ओव्हरला बॉल कुणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न पडतो.

म्हणून सहावा बॉलर लागतो. त्यानं विकेट काढलीच पाहिजे असं नाही. ११ ते ४० च्या मध्ये ४ ते ६ ओव्हर्स पाच-साडेपाचच्या रेटनं टाकल्या तरी त्याचं काम झालं. केदार जाधव हाताची उंची कमी करून टाकायचा ते बॉल आठवा. त्याच्या बॉलिंगवर ‘हा काय बॉलर आहे व्हय’ म्हणणाऱ्यांना त्यानं टीमची केवढी अडचण सोडवली ते कळलंच नाही. त्याच केदारनं जानेवारी २०१७ मध्ये पुण्याजवळ गहुंजेला इंग्लंडविरुद्ध ७६ बॉलमध्ये १२० केल्या होत्या. एकाच जागेत दोन कामं होत होती.

जुन्या टीममध्ये ही अडचण आपोआप सुटायची, कारण वरचे बॅट्समनच बॉलिंग करायचे. वनडेत सचिनच्या १५४ विकेट्स, गांगुलीच्या १००, सेहवागच्या ९६. २०११ चा वर्ल्डकप घ्या. युवराजनं ३६२ रन्स केल्या आणि १५ विकेट्सही काढल्या. त्याच्या जोरावर धोनी चार मुख्य बॉलर घेऊन खेळू शकला. आता २०२३ च्या वर्ल्डकपची टीम बघा. रोहित, गिल, कोहली, श्रेयस हे चौघं नियमित बॉलिंग करत नाहीत, आणि पाचवा राहुल कीपर. म्हणजे अकरातल्या पाच जणांकडून एकही ओव्हर नाही. राहिलेल्या सहा जणांनी ५० ओव्हर्स टाकायच्या आणि वर आठ नंबरपर्यंत बॅटिंगही पुरवायची. खरी गाठ इथं आहे. ती न सोडता ‘अजून एक बॅट्समन घ्या’ म्हणणं सोपं आहे.

२०२३ मध्ये ही गाठ हार्दिकनं सोडवली होती. १९ ऑक्टोबरला, पुन्हा गहुंजेलाच, बांगलादेशविरुद्ध स्वतःच्या पहिल्याच ओव्हरमध्ये तीन बॉल टाकून त्याचा घोटा दुखावला. उरलेले तीन कोहलीनं टाकले. त्यानंतर काय झालं ते नीट बघा. एका खेळाडूच्या जागी एक खेळाडू आलाच नाही, दोन बदल करावे लागले. हार्दिकच्या बॅटिंगसाठी सूर्यकुमार आणि बॉलिंगसाठी शमी, त्यात बाहेर गेला आठ नंबरला बॅट धरणारा शार्दूल. शमीनं धरमशालेत न्यूझीलंडच्या ५ काढल्या, वानखेडेवर सेमीफायनलला ५७ रन्समध्ये ७ काढल्या, ७ मॅचमध्ये २४ विकेट्स. सगळे म्हणाले, बघा, ह्याला आधीच घ्यायला पाहिजे होता. शमीच्या बाबतीत ते खरंच आहे. पण त्या बदलानं आठ नंबरची बॅटिंग गेली आणि सहावा बॉलरही गेला. आपण सलग जिंकत होतो म्हणून ते झाकून राहिलं.

१९ नोव्हेंबरला अहमदाबादच्या फायनलला ऑस्ट्रेलियासमोर दोन्ही उघडं पडलं. १० ओव्हर्सला २ बाद ८०, आणि पुढच्या ४० ओव्हर्समध्ये फक्त ४ चौकार. राहुलच्या १०७ बॉलमध्ये ६६ रन्सवरून त्याला आजही शिव्या पडतात. त्याच्यामागं जडेजा आणि सूर्यकुमार सोडले तर शमी, बुमरा, कुलदीप, सिराज. मागं एवढंच असताना राहुलनं बॅट फिरवायची कधी? माझ्या मते तो दोष राहुलचा कमी आणि टीमच्या रचनेचा जास्त. बॉलिंगला ३ बाद ४७ वरून हेड आणि लाबुशेननं १९२ ची भागीदारी केली, आणि ४३ ओव्हर्स आपल्या पाच जणांनीच टाकल्या. बेंगळुरूला नेदरलँड्सविरुद्ध नऊ जणांना बॉल देऊन तयारी केली होती. फायनलला त्या पाच जणांशिवाय एकही वापरला नाही. दोन ओव्हर्स तरी कुणाला द्यायला पाहिजे होत्या, डावखुऱ्या हेडसमोर ऑफस्पिनसारखं काहीतरी. अश्विन बाहेर बसून बघत होता.

टीम कशी दुरुस्त करतात हे शिकायचं असेल तर २०२५ चा महिलांचा वर्ल्डकप बघा. १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला ३३० करूनही आपण ऑस्ट्रेलियाकडून हरलो. पाचच मुख्य बॉलर होत्या, आणि स्नेह राणाला १० ओव्हर्समध्ये ८५ पडल्या. वरच्या कागदावर शिल्लक शून्य म्हणतो ते हेच. पुढच्या मॅचला इंदूरला इंग्लंडविरुद्ध सहावी बॉलर म्हणून रेणुका ठाकूर आत आली. हे बरोबर होतं. पण बाहेर गेली जेमिमा! आपल्या शेजारच्या सांगलीच्या स्मृतीनं ८८ केल्या, तरी आपण ४ रन्सनी हरलो. विकेट्स हातात होत्या, पण शेवटी रन्स पळवणारं कुणी कमी पडलं. आत कोण घ्यायचं हे बरोबर ठरलं होतं. बाहेर कोण बसवायचं तिथं चुकलं.

न्यूझीलंडविरुद्ध अमनजोतच्या जागी जेमिमा परत आली, तिसऱ्या नंबरवर, ५५ बॉलमध्ये नाबाद ७६. मग ३० ऑक्टोबरच्या सेमीफायनलला हिशेब पुरा झाला. अमनजोतही परत आली, जेमिमाही राहिली आणि बाहेर बसली हरलीन. बॅटिंग तेवढीच राहिली, बॉलर सहा झाल्या. ३३९ चा पाठलाग, जेमिमा नाबाद १२७. २ नोव्हेंबरच्या फायनलला त्या सहा जणींच्या वर शेफालीनं ७ ओव्हर्स टाकून दोन विकेट्स काढल्या, सुने लूस आणि मारिझान काप. प्रतिका जखमी झाली म्हणून ऐनवेळी बोलावलेली पोरगी, ८७ रन्स करून वर सातवी बॉलर. हरमनप्रीतच्या हातात तेवढे पर्याय होते म्हणून तिला हा जुगार परवडला. पाचच बॉलर असत्या तर शेफालीची एक ओव्हर महाग गेल्यावर परत फिरायला जागाच नव्हती.

आता थोडं नियमांचं, कारण वाद घालताना हे हमखास विसरलं जातं. ‘टॉस हरल्यावर टीम बदलायला पाहिजे होती’ हे आयपीएलमुळं डोक्यात बसलंय. वनडेत अकरा जणांची यादी टॉसच्या आधी द्यावी लागते. दव पडणार असेल तर दुसऱ्या डावात ओला बॉल स्पिनरच्या बोटातून निसटणार, हे धरूनच टीम निवडावी लागते, आणि पहिली बॉलिंग आली तर तीच टीम चालली पाहिजे. स्क्वॉड १५ जणांचा. दुखापत झाली तर आयसीसीच्या टेक्निकल कमिटीची मंजुरी घेऊन बदली मिळतो, आणि गेलेला खेळाडू बरा झाला तरी तसाच परत येत नाही. म्हणून किरकोळ दुखापतीत थांबून बघतात. हार्दिकच्या वेळी दोन आठवडे थांबले ते त्यामुळंच.

दुसरा बदल बॉलचा. जुलै २०२५ पासून पुरुषांच्या वनडेत ३४ ओव्हर्सपर्यंत दोन बॉल, आणि नंतर त्यातला एकच शेवटपर्यंत. आधी ५०व्या ओव्हरला बॉल २५ ओव्हर्स जुना असायचा, आता ३३ पर्यंत जातो. म्हणजे शेवटच्या दहात नुसता वेग असून चालणार नाही. जुन्या बॉलवर यॉर्कर आणि स्लोअर टाकणारा, जमलं तर रिव्हर्स करणारा तिसरा फास्ट बॉलर पाहिजे. त्याची सरासरी बघू नका, ४० ओव्हर्सनंतर तो काय देतो ते बघा.

पिचचंही तसंच. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीला पाच स्पिनर नेले म्हणून केवढा आरडाओरडा झाला. आपल्या सगळ्या मॅच दुबईला होत्या. हर्षित राणाच्या जागी वरुण आला, त्यानं न्यूझीलंडच्या ५ काढल्या, आणि तिथून पुढं चार स्पिनर खेळले. ते जमलं कारण अक्षर आणि जडेजा बॅट्समनही आहेत आणि हार्दिक नवा बॉल टाकत होता. अक्षरला पाच नंबरवर पाठवलं तेव्हाही लोक चिडले. वरचे चौघं उजव्या हाताचे, म्हणून मध्ये डावखुरा घालून स्पिनरची लाईन मोडायची होती. मला तो निर्णय अजूनही उत्तम वाटतो.

पण तीच टीम २०२७ ला दक्षिण आफ्रिकेत चालणार नाही. तिथं बऱ्याच मैदानांवर उसळी असते. चौथा स्पिनर सोडा, तिसऱ्याचीही जागा अवघड आहे. तिथं फास्ट टाकणारा ऑलराउंडर लागणारच. हार्दिक फिट असेल तर हार्दिक. नसेल तर नितीश रेड्डीला आत्तापासून प्रत्येक मॅचला ५-६ ओव्हर्स दिल्या पाहिजेत. मॅचमध्ये दोन ओव्हर्स देऊन बॉलर तयार होत नाही. रोहित-विराटवर रात्रभर भांडा, हरकत नाही. पण ते खेळले काय आणि त्यांच्या जागी दुसरे आले काय, पहिल्या पाचात बॉलिंग येत नाही तोवर सहा-सात-आठ नंबरचा प्रश्न तसाच राहतो.

कमेंटमध्ये टीम जरूर टाका, पण तीन गोष्टी लिहा. कुणाला घेतलं, त्याच्यासाठी कुणाला बसवलं, आणि बसवलेल्याच्या ओव्हर्स कुठल्या टप्प्यात कुणाला दिल्या. माझी आठ नंबरची जागा वॉशिंग्टन सुंदरला, कारण डावखुऱ्या बॅट्समनसमोर ऑफस्पिन पाहिजे आणि आपल्याकडं बाकी दोघं डाव्या हाताचे स्पिनर आहेत. अक्षरवाल्यांनी हेडच्या विरुद्ध तुमचा बॉलर कोण ते आधी सांगावं, मग बोलू.