१एचझेडवर मोठा टर्बो: पर्थच्या दादांना उत्तर

दादा, माझ्या लँड क्रूझरच्या १एचझेड डिझेल इंजिनावर मोठा आणि छोटा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) लावून मी जी तुलना पोस्ट केली, तिच्यावरची तुमची कमेंट वाचली, दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी छोट्या बॉल बेअरिंगवाल्या गॅरेटला उगाच डोक्यावर घेतलंय, मोठा टी३/टी४ टर्बो फक्त १० पीएसआय बूस्टवर (म्हणजे टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबावर) चालवला म्हणून मागे पडला, १८ दिले असते तर त्याने छोट्याला धूळ चारली असती, आणि वर दोन्ही वेळा डिझेल पंपाचं सेटिंग एक नव्हतं.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. छोटा बसवताना मेकॅनिकने पंपाचा फ्युएल स्क्रू (डिझेल कमीजास्त करणारा) जरासा मागे घेतला होता आणि मी ते लिहिलंच नाही. म्हणजे एक्झॉस्ट टेम्परेचरची तुलना कच्ची आहे, मूळ पोस्टमध्ये तशी टीप टाकतो.

पण १८ पीएसआय? अहो माझ्या ७५ सिरीजमधलं १एचझेड टर्बोसाठी बनलेलंच नाही. ४.२ लिटर, इनडायरेक्ट इंजेक्शन (डिझेल आधी हेडमधल्या छोट्या प्रीचेंबरमध्ये पडतं), कॉम्प्रेशन रेशो २२ च्या वर. टोयोटाला स्वतःला टर्बो लावायचा होता तेव्हा त्यांनी १एचडी-टी काढलं, डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये), कॉम्प्रेशन १८.६, ते काय हौस म्हणून? १एचझेडला जास्त डिझेल पाजून तापवलं की प्रीचेंबरपाशी हेडला तडे जातात, मग टर्बो कितीचा का असेना. आणि ३००० आरपीएमला १० पीएसआयवर, इंटरकूलर धरून, या इंजिनाला मिनिटाला साधारण १० किलो हवा लागते. तेवढी छोटा आरामात देतो.

खरी मेख पंपात आहे, आणि ती मीच पोस्टमध्ये नीट सांगितली नाही. १एचझेडच्या स्टँडर्ड पंपाला बूस्ट कॉम्पेन्सेटर नसतो. १एचडी-टीच्या पंपावर डायफ्रॅम असतो, बूस्ट चढेल तसं डिझेल वाढतं. १एचझेडवर स्क्रू फिरवला की डिझेल सगळीकडेच वाढतं, १५०० ला पण, तिथे हवा आलेली असो की नसो. मग टर्बो मोठ्यासारखा उशिरा जागा होणारा असेल तर मधल्या पट्ट्यात नुसता काळा धूर आणि ताप.

इथे ऑस्ट्रेलियात हॅरिएटव्हिलहून माउंट होथमला चढताना हेच झालं. कसारा घाटासारखा रस्ता, फक्त संपतच नाही. मागे कॅम्पर ट्रेलर, तिसरा गिअर, १७०० आरपीएम, मोठ्या टर्बोचं बूस्ट २-३ वर लोळतंय आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला पायरोमीटर (तापमापक) ६८० अंश दाखवतोय, म्हणून पाय उचलला, मग गाडी मेली, दुसरा टाकला, आणि मागच्या गाडीवाल्याने धूर खाऊन हॉर्न दिला ते वेगळंच (बायको म्हणाली, द्यायलाच हवा होता). छोट्यावर त्याच चढाला, त्याच गिअरमध्ये ७-८ पीएसआय होते. स्क्रू मागे घेतल्यामुळे तापमानाचा आकडा नका धरू, पण बूस्ट किती लवकर आलं ते धरा, कारण डिझेल कमी करून टर्बो काही लवकर जागा होत नाही, उलट उशिराच होतो.

आता तुम्ही लिंक दिलेल्या डायनो शीटबद्दल (इंजिनाची ताकद मोजलेला कागद). ते १एचडी-टीचं आहे दादा, वर कोपऱ्यात लिहिलंय. त्या इंजिनावर मोठा टर्बो शोभतो, माझी ना नाही, फक्त बिग-एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडची क्रँकवरची) बदललेत का तेवढं बघा. आणि १एचझेडवरच मोठा हवा असेल तर आधी पंपवाल्याकडून कॉम्पेन्सेटर बसवून घ्या.

तो टी३/टी४ अजून गॅरेजात पडलाय. बर्फ वितळला की एकाच पंप सेटिंगवर दोन्ही परत होथमला नेतो. तुमच्या गाडीचा पंप कुठला आहे ते कळवा.