पाहुण्यांचं नेट

दिवाळी दहा दिवसांवर आली होती. हिने ऑनलाइन पैठणी पसंत केली, कार्डाचा नंबर टाकायला घेतला आणि मध्येच थांबून विचारलं, "आपलं वायफाय सेफ आहे ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय!" सहलीला निघाल्यावर "गॅस बंद केलाय ना?" या प्रश्नाला मी ज्या ठामपणे उत्तर देतो, त्याच ठामपणे. ती अनुभवी आहे. तिने कार्ड पर्समध्ये ठेवलं.

आमचा राउटर शोकेसवर, आईने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली नांदतो. उलटा केला तर पोटावर स्टिकर, आणि त्यावर मुंगीने लिहिल्यासारखी अक्षरं. मोबाईलची बॅटरी मारून, आईचा चष्मा लावून मी ती लावत बसलो. हा शून्य की ओ? हा एक की एल? घरात तीन माणसं, मतं चार.

शेवटी नाशिकच्या भाच्याला व्हिडिओ कॉल केला. "मामा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाक. युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन." टाकलं, आणि उघडलं की! पाच वर्षं मी कुलूप लावून किल्ली कुलपालाच लटकवून फिरत होतो.

आत जोडलेल्या उपकरणांची यादी होती. घरात फोन चार, लॅपटॉप एक, टीव्ही एक. यादीत अकरा. माझ्या अंगावर काटा आला. "हॅकर!" मी ओरडलो.

"हॅकर कसले," आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "शेजारच्या वहिनी असतील. लॉकडाऊनमध्ये त्यांचा रिचार्ज संपला होता, तेव्हा मीच पासवर्ड दिला. आणि इस्त्रीवाल्याच्या पोराला. त्याची शाळा नव्हती का फोनवर?" पासवर्ड म्हणजे बाप्पाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सांगायलाही सोपा.

भाचा म्हणाला, "कार्डाचा नंबर वेबसाइटकडे कुलूपबंदच जातो रे, एचटीटीपीएसमधून. पण राउटरच कुणाच्या हातात गेला तर तो सेटिंग बदलून तुला भलत्याच साइटवर नेऊन सोडेल." मग त्याने वायफायच्या कुलपाचा प्रकार म्हणून डब्ल्यूपीए २ निवडायला लावलं. डब्ल्यूपीए ३ आमच्या राउटरला ठाऊकच नव्हतं. ते २०१८ साली आलं, हा त्याच्या आधीचा. नंतर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, बंद करायला लावलं. त्याचा पिन आठ आकडी. म्हणजे दहा कोटी शक्यता, आपण निर्धास्त. पण पहिले चार आकडे बरोबर आले की राउटर स्वतःच तसं कळवतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो. त्यामुळे फार तर अकरा हजार प्रयत्नांत काम फत्ते. हे २०११ सालीच जगजाहीर झालं होतं. किल्ला बुलंद आणि किल्लेदार फितूर! आपल्याकडे नवीन नाही म्हणा.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला. मग वायफायला बावीस अक्षरी पासवर्ड ठेवून ऐटीत 'सेव्ह' दाबलं. पहिला बाहेर फेकला गेलो तो मीच. पाठोपाठ टीव्ही. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत बावीस अक्षरं भरली. एकविसाव्याला आईने सिरियलसाठी चॅनल बदललं. पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारचे काका दारात. "नेट गेलंय का हो तुमचं? आमचंपण गेलंय."

'आमचंपण' ऐकून मी गार झालो. आई आतून डोळ्यांनी दटावत होती. चाळीस वर्षांचा शेजार, वाटीभर साखरेला कधी पासवर्ड मागितलेला नाही. भाच्याने फोनवरूनच तोड काढली: गेस्ट नेटवर्क. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आपल्या उपकरणांशी संबंध नाही. चालू केलं, स्पीडला जरा लगाम घातला आणि नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून काकांना दिला.

रात्री साडेनऊला हिने पुन्हा कार्ड काढलं. पैठणीवर 'आउट ऑफ स्टॉक' झळकत होतं. ती माझ्याकडे बघत असतानाच पुन्हा बेल वाजली.

"ते पाहुण्यांचं नेट फार स्लो आहे हो," काका म्हणाले. "घरचंच द्या ना."