पाठ आपटून लॉक तपासा म्हणे! चाकू भेट देण्याच्या फॉरवर्डचा समाचार

‘खिशातला चाकू भेट देताय? आधी या ८ गोष्टी वाचा’ असा एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर उड्या मारतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली फक्त ‘अनुभवी व्यक्तीकडून’. एरवी असले मेसेज कोणी वाचतही नाही, पण हा माझ्या आतेभावाने मनावर घेतला. मुलीला द्यायचा चाकू त्याने या यादीवरूनच निवडला आणि मला कळवलं, ‘पाचव्या मुद्द्यातली टेस्ट आज करून बघतो.’ त्याला थांबवलं. मेसेज ज्यांच्याकडे गेलाय त्या सगळ्यांना फोन करणं शक्य नाही, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात पाचव्यापासूनच करतो. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैसे वाया जातील, याने बोट जाईल.

मेसेजमधलं वाक्य असं: ‘लॉक असलेलाच चाकू घ्या. लॉक लागलं की पातं कोणत्याही परिस्थितीत मिटत नाही. खात्रीसाठी उघडलेल्या पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर तीन-चार वेळा जोरात आपटून बघा.’

आवाक्यातल्या किमतीच्या घडीच्या चाकूंत सर्रास आढळतं ते लाइनर लॉक. मुठीच्या आत एका बाजूला पातळ पट्टी असते. तिचा लांबट भाग कापून आतल्या अंगाला वाकवलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की हा भाग उसळून पात्याच्या बुंध्यामागे येतो आणि तिथे टेकतो. बुंध्याची ती बाजू किंचित उतरती घासलेली असते, आणि पट्टीचं टोक त्या उतारावर केवळ घर्षणाने आणि स्वतःच्या ताणाने धरून राहतं. म्हणजे ज्याला आपण मोठ्या विश्वासाने लॉक म्हणतो तो एक-दीड मिलिमीटर जाडीचा एक टेकू आहे.

आता पाठ आपटा. हादरा बसला की पट्टी क्षणभर उतारावरून सुटू शकते. सुटली की पातं मिटतं, आणि मिटताना ते जिथे जातं त्या खाचेच्या तोंडाशी मूठ धरलेली चार बोटं असतात. ‘माझा चाकू पास झाला’ म्हणणाऱ्यांनाही फार खूश व्हायचं कारण नाही. प्रत्येक आपटण्यात पट्टीचं टोक आणि बुंधा जिथे टेकतात ती जागा थोडी चेपली जाते, पिव्होटचा (पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळीचा) स्क्रू ढिला होतो, पातं उघडल्यावर ज्या पिनेवर थांबतं तिच्यावर घाव बसतो. चांगला चाकू तपासता तपासता बिघडवायचा आणि मग तो कागदात गुंडाळून भेट द्यायचा, असा हा प्रकार आहे. शिवाय रोजच्या वापरात पाठीवर असा हातोडीसारखा मार कधी बसतच नाही. बसतो तो हळूहळू वाढणारा दाब: टोक पुठ्ठ्यात अडकतं, आपण हात मागे ओढतो, पातं मिटण्याच्या दिशेला रेटलं जातं. लॉक आहे ते तेवढ्यासाठी.

तपासायचं असेल तर असं तपासा. पातं उघडून बाजूने उजेडात बघा: पट्टीचं टोक बुंध्याच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत आत आलेलं हवं. नुसता कोपरा टेकत असेल तर चाकू परत करा. पट्टी पार पलीकडच्या भिंतीला लागली असेल तरी परत करा, कारण झीज झाल्यावर तिला पुढे सरकायला जागाच उरलेली नाही. मग मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, खाचेच्या तोंडावर एकही बोट नको, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पाठीवर हळूहळू दाब वाढवा. पातं खालीवर जराही हलता कामा नये. डावी-उजवीकडे थोडं हलत असेल तर पिव्होटचा स्क्रू किंचित, पूर्ण फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा, आवळा. बहुतेक चाकूंना त्यासाठी टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराचं, टी-६ किंवा टी-८ बिट लागतं. शेवटी चाकू मिटून, टोकाच्या बाजूने खाली धरून, जाड कापडावर झटका द्या. पातं आपोआप बाहेर डोकावलं तर तो चाकू खिशात ठेवण्याच्या लायकीचा नाही, मग लॉक कितीही भक्कम असो. फॉरवर्डमध्ये या शेवटच्या गोष्टीचा उल्लेखही नाही!

आणि ‘लॉक असल्यावर बोट कापतच नाही’ हे तर उलटंच आहे. लाइनर लॉक मिटताना पट्टी बाजूला ढकलायला अंगठा बरोबर पात्याच्या वाटेत घालावा लागतो. नवख्या माणसाला जखम होते ती इथेच. रीत अशी: अंगठ्याने पट्टी बाजूला दाबा, दुसऱ्या हाताने पाठीवरून पातं थोडंसंच मिटवा, पट्टी पुन्हा मागे येणार नाही इतपत, तिथे थांबा. अंगठा बाहेर काढा, मग उरलेलं मिटवा. भेट देताना हे एकदा करून दाखवा आणि एकदा त्यांच्याकडून करून घ्या. खिशातला कापसासारखा कचरा आणि वाळू बुंध्यामागे साचून पट्टी अर्धवटच लागते, तेही सांगा. अधूनमधून टूथपिकने ती जागा साफ करायची, एवढाच उपाय.

अर्धं खरं तेवढं मान्य करतो: टोकाने भोक पाडायचं असेल, चामड्यात किंवा जाड प्लास्टिकमध्ये टोक रोवायचं असेल, तर लॉक हवंच. पण पाकिटं फोडणं, दोरी कापणं, पेन्सिलीला टोक काढणं यासाठी नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उघडा राहणारा, बिनलॉकचा चाकू पुरतो. आणि लॉकही हवं, अंगठाही वाटेत नको, तर ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूंवरची कडी बघा. १९५५ पासून त्यांच्या चाकूंवर असलेली ही फिरती कडी पात्याच्या बुंध्यापुढे आडवी येते. तपासायला काही लागत नाही, कडी फिरली की नाही ते डोळ्यांनी दिसतं. त्यांच्या आठ नंबरच्या चाकूचं पातं ८.५ सेंटिमीटरचं, वजन ५० ग्रॅमच्या आसपास. एक खोट सांगून ठेवा: लाकडी मूठ ओल धरली की फुगते आणि पातं घट्ट बसतं. तेव्हा नखाने ओढत बसू नये. कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक कठीण जागेवर हलकेच ठोकलं की पातं जरा वर येतं.

पहिला मुद्दा म्हणतो, ‘६० एचआरसीच्या खालचं पातं म्हणजे पत्रा.’ एचआरसी हे रॉकवेल पद्धतीने मोजलेल्या कडकपणाचं माप. स्विस आर्मी चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सने आपल्या घडीच्या चाकूंचे आकडे स्वतःच जाहीर केले आहेत: पातं ५६, करवत, कात्री आणि नखांची कानस ५३, स्क्रूड्रायव्हर आणि डबा उघडायचं अवजार ५२, कॉर्कस्क्रू आणि स्प्रिंगा ४९. म्हणजे या मेसेजच्या हिशेबाने जगातला सगळ्यात ओळखीचा खिशातला चाकू पत्र्याचा! कडकपणा वाढला की धार जास्त टिकते हे खरं, पण पातं ठिसूळही होतं, पातळ धारेचे कपचे उडतात, आणि पुन्हा धार लावायला जास्त घासावं लागतं. ५६ च्या पात्याची धार तुटण्याआधी दुमडते, आणि सिरॅमिकच्या सळईवर दहा-बारा हात फिरवले की ताळ्यावर येते. ज्याला चाकू देताय त्याच्या घरी धारेचा दगडच नसेल तर हा गुण आहे, दोष नाही. दिवसभर पुठ्ठे फाडणाऱ्यासाठी मात्र १४सी२८एन सारखं, ५८ ते ६० पर्यंत नेलेलं स्टील खरंच बरं पडतं.

तेच आकडे दुसऱ्या मुद्द्यालाही पुरून उरतात: ‘पातं ४ मिलिमीटर जाड घ्या, म्हणजे स्क्रू पिळायला आणि झाकणं उचकटायलाही चालेल.’ एकाच चाकूत कारखान्याने स्क्रूड्रायव्हर ५२ आणि पातं ५६ ठेवलंय ते हौस म्हणून नव्हे. पिळणाऱ्या अवजाराला चिवटपणा लागतो, कापणाऱ्याला कडकपणा. पात्याने उचकटलंत की टोक मोडणार, आणि मोडलेला तुकडा उडतो. जाड पातं कापण्यातही मार खातं. पुठ्ठ्यात ते पाचरीसारखं रुततं, आपण जोर लावतो, आणि जोर लावलेला हात सुटला की कुठे जाईल ते सांगता येत नाही. ओपिनेलची पाठ दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, म्हणून तर तो सरसर कापतो. उचकटायचंच असेल तर अवजारं असलेला चाकू द्या, पण तिथेही हात आखडता घ्या. व्हिक्टोरिनॉक्सच्याच ३३ कामांच्या स्विसचॅम्पचं वजन १८५ ग्रॅम, स्पार्टनमध्ये १२ कामं आणि ६० ग्रॅमच्या आसपास. १८५ ग्रॅमचा ठोकळा आठवड्याभरात खिशातून ड्रॉवरमध्ये जातो.

तिसरा: ‘सर्जिकल स्टील किंवा दमास्कस बघून घ्या.’ सर्जिकल स्टील नावाची एकच ठरावीक प्रत नाही. ज्याला स्टीलचं नाव सांगायचं नसतं तो हा शब्द छापतो. नुसतं ‘४४०’ हा स्टेनलेसचा आकडा लिहिलेलंही तसंच: ४४०ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२०. दोन्ही ४४०च, पण पाणी दिल्यावर (तापवून एकदम गार केल्यावर) वेगळी वागतात. दमास्कस म्हणजे थरांमुळे लाटांची नक्षी दिसणारं स्टील, पण स्वस्त चाकवांवरच्या त्या लाटा बहुतेकदा वरवर कोरलेल्या असतात. पात्याची पाठ बघा: खरे थर असतील तर नक्षी पाठीवरूनही जाते, कोरलेली नक्षी कडेला संपते.

चौथा मुद्दा ‘नवशिक्याला जरा बोथट चाकू द्या’ हा. बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लावलेलं पातं घसरतं. पुढे.

सहावा मात्र पुन्हा त्रासदायक: ‘देण्याआधी ग्राइंडरवर रेझरसारखी धार काढून घ्या.’ वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धार टेकली की तिथली केसाएवढी जाडी क्षणात तापते. बऱ्याच चाकवांच्या पात्याला पाणी दिल्यावर साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसवर पुन्हा शेकलेलं असतं. धार त्याच्या बरीच वर गेली की तिचं पाणी उतरतं. नंतर कितीही पाजळा, चार दिवसांत बोथट. साध्या कार्बन स्टीलवर निदान पिवळा-निळा रंग चढून चुगली तरी होते. स्टेनलेसवर तो रंग बऱ्याच जास्त तापमानाला येतो, त्यामुळे ‘रंग कुठे बदलला?’ हा बचाव लंगडा आहे.

घरी करायचं तर साधा १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) पाण्याचा दगड पुरे. धारेच्या उतारावर मार्करने शाई लावा. २० मिलिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण ६ ते ७ मिलिमीटर उचलली की कोन जवळपास २० अंशांचा होतो. दोन हात फिरवून बघा. शाई फक्त वरच्या कडेची गेली असेल तर पाठ जास्त खाली आहे, फक्त अगदी धारेलगतची गेली असेल तर जास्त वर. एका बाजूने घासत राहा, पलीकडच्या बाजूला नखाला खरखरीत बर्र, म्हणजे धारेवर वळलेली धातूची बारीक किनार, लागेपर्यंत, अगदी मुठीपासून टोकापर्यंत. मग दुसरी बाजू तशीच. शेवटी दाब कमी कमी करत आलटून पालटून, आणि बर्र चामड्याच्या पट्ट्यावर पुसून काढा. बर्र राहू दिली तर पहिल्या कापाला चाकू वस्तऱ्यासारखा वाटतो आणि पाचव्याला मेलेला. नवीन चाकू कारखान्यातून कापण्याजोगा येतोच, त्यामुळे देण्याआधी यातलं काही करायची गरज बहुधा नसते. धार बघायला अंगठा फिरवू नका, कागदाच्या कडेवर बघा.

सातवा: ‘४ इंचांखालचा चाकू सगळ्या देशांत कायदेशीर.’ साफ खोटं. ब्रिटनमध्ये विनाकारण जवळ बाळगायला चालतो तो ३ इंचांपर्यंत धार असलेला आणि लॉक नसलेला घडीचा चाकू. म्हणजे पाचवा मुद्दा पाळून घेतलेला चाकू तिथे सातव्या मुद्द्यात अडकला! काही ठिकाणी लांबी बघतात, काही ठिकाणी लॉक, काही ठिकाणी एका हाताने उघडतो का ते. चाकू ज्याच्या खिशात राहणार त्याच्या गावचा नियम बघायचा, आपल्या नव्हे. खटक्याचा, बटण दाबताच उघडणारा चाकू तर भेट म्हणून डोक्यातूनच काढून टाका.

आठव्यात ‘स्वस्त चाकू देऊच नका’ म्हटलंय. नाव-गाव नसलेल्या चाकवांपुरतं हे बरोबर, कारण तिथे छापलेलं स्टील आणि आतलं स्टील एकच असेल याची हमी कोण देणार? पण वर सांगितलेले ओपिनेल आणि स्पार्टन आपापल्या कंपनीच्या स्वस्त मालांपैकीच आहेत. त्यात निवड करताना दोन प्रश्न विचारा. घेणारा पातं पुसून ठेवणारा आहे का? नसेल तर ओपिनेलचं कार्बन स्टील नको, स्टेनलेस घ्या. कार्बनला धार पटकन आणि बारीक येते, पण ओलं राहिलं की रात्रीत गंजाचे ठिपके. डी-२ स्टीललाही हेच लागू: क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये (कार्बनशी जोडून बनलेल्या कडक कणांत) अडकलेलं असतं, गंज रोखायला मोकळं राहत नाही. दुसरा प्रश्न, तो डावखुरा आहे का? नखाची खाच, अंगठ्याची खुंटी, खिशाची क्लिप आणि लाइनर लॉक, सगळं बहुधा उजव्या हातासाठी बसवलेलं असतं. आतेभावाची मुलगी डावखुरी आहे. त्याला कडीचा ओपिनेल घ्यायला सांगितलाय, स्टेनलेसचा.