गाडी नाही, पण सीट आहे

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी उतरला, तेव्हापासून एक मेसेज नव्या आई-बाबांच्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो माहेरून आला, सासरहून आला आणि पाळणाघराच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: घरात बाळ आलं की नवी चारचाकी घ्याच. हप्ता अकरा हजारांच्या आसपास बसतो, तेवढे रिक्षाला जातातच. बाळाला दुचाकीवर नेणं गुन्हा आहे. बस-मेट्रो बाळांसाठी नाहीत. जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणं. आणि शेवटी, 'बाळाच्या जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?'

या शेवटच्या ओळीने माझी दोन रात्री झोप उडवली. मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसलो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतेय, कारण हा मेसेज वाचून ऐपतीबाहेरचं कर्ज काढायला निघालेली दोन घरं मला माहीत आहेत.

हप्त्यापासून सुरुवात करते. अकरा हजार हा आकडा खोटा नाही, अपुरा आहे. सात लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला साधारण ११,२६० रुपये बसतात. सात वर्षांत बँकेला ९ लाख ४६ हजार जातात, म्हणजे जवळजवळ अडीच लाख नुसतं व्याज. लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर २९ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे किंमत शेकडा साडेआठ रुपयांनी उतरली. चांगलंच झालं. पण तेवढा फायदा कर्ज लांबवलं की व्याजातच विरघळतो. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग आणि सोसायटीत जागा नसेल तर पार्किंगचं भाडं, यातलं काहीच त्या अकरा हजारांत नाही.

आणि 'तेवढे रिक्षाला जातातच' हे कुणी मोजलं? आम्ही फ्रिजवर कागद चिकटवून महिनाभर घरातली प्रत्येक फेरी लिहिली. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. पाळणाघर चालत सात मिनिटांवर. नवरा स्कूटरने कामाला जातो, मी वनाजहून मेट्रोने. लसीकरण, एक लग्न, साताऱ्याची एक खेप, पावसात पकडलेल्या रिक्षा, रात्री उशिराची कॅब, सगळं धरून ५,३०० रुपये झाले. तुमचा आकडा वेगळा येईल. माझी नणंद चाकणजवळ राहते, रात्रपाळी करते, रात्री अकरानंतर तिकडे रिक्षा मिळत नाही. तिच्या घरी असा कागद लावला असता तर उत्तर गाडीच आलं असतं. तिने गाडी घेतली आणि ते योग्यच होतं.

'दुचाकीवर बाळ नेणं गुन्हा' हे मात्र सरळ चूक आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये याबद्दल नियम काढला, तो वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा हार्नेस हवा, मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचंच आहे. दुचाकीवर चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसू शकतो, हेही कायद्यात आहे. म्हणजे आई, बाबा आणि मध्ये बाळ ही आपल्याकडची नेहमीची बैठक बसत नाही. मुलाला पुढे पायाशी उभं करणं तर मला बघवत नाही. स्कूटर गाडीइतकी सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. आम्ही मुलीला नऊ महिन्यांआधी एकदाही स्कूटरवर घेतलं नाही आणि आजही घरामागच्या गल्ल्यांपलीकडे नेत नाही.

मेट्रोबद्दलचा दावा बहुधा मेट्रोत न बसलेल्या माणसाने लिहिलाय. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, बाबागाडी घडी न घालता फलाटापर्यंत जाते. वनाजहून बसायचं, जिल्हा न्यायालयाला मार्गिका बदलायची आणि स्वारगेटला उतरायचं. तिथून एसटीने सातारा. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझी खेप नवऱ्यापेक्षा निम्म्यात होते. संध्याकाळी सहाच्या शहर बसबद्दल मात्र मेसेज खरं बोलतो. कडेवर मूल आणि खांद्यावर पिशवी घेऊन त्या गर्दीत मी चढत नाही, चढा असं कुणाला सांगणारही नाही.

जुन्या गाडीला सरसकट नावं ठेवण्यात मला सगळ्यात मोठं नुकसान दिसतं, कारण ज्यांना गाडी खरंच लागते पण नवी झेपत नाही त्यांचा रस्ताच बंद होतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स एकरकमी भरावा लागतो. जुन्या गाडीचा तो पहिल्या मालकाने भरलेला असतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यामुळे चार-पाच वर्षांची गाडी म्हातारी नव्हे. वर्ष तेवढं बघून घ्या. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२१ संपताना सगळ्याच नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत कित्येकदा चालवणाऱ्यापुरतीच सापडते. आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आधीचं कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, थकलेली चलनं, हे सगळं पैसे देण्याआधी तपासा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. सीएनजी घेणार असाल तर डिकी उघडून बघा, बऱ्याच गाड्यांत टाकीनंतर बाबागाडीला जागाच उरत नाही.

आता ती झोप उडवणारी ओळ. बाळाचा जीव पैशापेक्षा मोठा आहेच. पण अख्ख्या मेसेजमध्ये गाडीत वेगळ्या बसवायच्या बाळाच्या सीटचा उल्लेख नाही. जणू गाडीचं दार लावलं की मूल सुरक्षित! ताशी ५० ने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं बाळ सुमारे १४० किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. एवढं वजन कुठल्या आईचे हात धरतील? आणि पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेल्या बाळावर उघडणारी एअरबॅग तर त्याचा जीवही घेऊ शकते. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय नेलं तर हजार रुपये दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे, आणि तरी नव्याकोऱ्या गाडीत मांडीवर उभं राहून काचेवर हात आपटणारं मूल मला रोज दिसतं. तान्हं बाळ मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलेल्या आसनातच हवं, आणि त्या आसनात मावतंय तोवर तसंच बसवावं.

म्हणून आम्ही गाडी घेतली नाही, सीट घेतली. गाडीच्याच पट्ट्याने आवळता येणारी, त्यामुळे भाड्याच्या गाडीतही बसते. कॅबवाले दादा कधी कधी कुरकुरतात, मला पाच मिनिटं लागतात. आधी नणंदेच्या गाडीतही सीट नव्हती. तिचा मुलगा तीन वर्षांचा, तो मागे मोकळाच उड्या मारायचा. आमची बघून तिने पुढच्याच आठवड्यात आणली. परवा सगळे मिळून तिच्या गाडीने साताऱ्याला गेलो. मागे दोन बाजूंना दोन सीट आणि मध्ये मी, अंग चोरून बसलेले. खंबाटकी घाट येईपर्यंत दोघंही झोपली होती.