दोन ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) एका लॅपटॉपवर नांदू देणारच नाहीत का हे लोक??

परत तेच. लॅपटॉप कंपनीचं फर्मवेअर (मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट आलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि सरळ विंडोज उघडलं. ग्रबचा, म्हणजे सुरुवातीला विंडोज की लिनक्स विचारणाऱ्या बूटलोडरचा, मेनू गायब. उबुंटू, म्हणजे माझं लिनक्स, डिस्कवर जसंच्या तसं आहे हो, एक फाईल हललेली नाही, पण मशीन कुठून चालू करायचं त्या बूट लिस्टमधून त्याचं नावच उडवलंय. कोणी सांगितली होती ही साफसफाई??

आणि चीड याची येते की आता तरी हे व्हायला नको. जुन्या बायॉस-एमबीआरच्या (मशीन चालू करायच्या आधीच्या पद्धतीच्या) काळात ठीक होतं, डिस्कचा पहिला 512 बाइटचा सेक्टर, त्यात बूटच्या कोडला जेमतेम 446 बाइट, मग जो शेवटी इन्स्टॉल होईल तो आधीच्याला पुसणार, जागाच नव्हती तर भांडणार कोणाशी. पण बायॉसच्या जागी युईएफआय हे नवं फर्मवेअर आलं ते हेच सोडवत. बूटच्या फाईलींसाठी डिस्कवर वेगळा भाग, म्हणजे ईएफआय पार्टिशन, त्यात प्रत्येक ओएसचं स्वतःचं फोल्डर, आणि कोणाला आधी उठवायचं ती यादी मदरबोर्डच्या मेमरीत. कागदावर एकदम झकास. प्रत्यक्षात काही कंपन्यांचं फर्मवेअर ती यादी मानतच नाही, विंडोजच्या बूट फाईलचा पत्ता आतच कोरून ठेवलेला, बाकीचे गेले खड्ड्यात. मग आपण पेनड्राइव्ह शोधा, त्यावरूनच लाइव्ह उबुंटू चालू करा, ईएफआय-बूट-एमजीआर या कमांडने एंट्री परत टाका, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा हरी ओम.

बरं एवढ्यावर भागतंय का, तर नाही. घड्याळ! विंडोज हार्डवेअर क्लॉकमध्ये लोकल टाइम धरतं, लिनक्स युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. म्हणजे आपल्याकडे बरोब्बर साडेपाच तासांचा घोळ. सकाळी 10 ला लिनक्समधून विंडोजमध्ये या, टास्कबार म्हणतो 4:30, पहाट झालीये. लिनक्सला टाइमडेटसीटीएल कमांडने लोकल टाइमवर आणलं की गप्प बसतं, पण तसं केलं की तीच कमांड वर तुम्हालाच वॉर्निंग देते की हे नीट सपोर्टेड नाही म्हणून. अरे मग करायचं काय माणसाने?

फास्ट स्टार्टअप तर वेगळंच प्रकरण, विंडोज 8 पासूनचं. शटडाउन दाबलं की ते शटडाउन होतच नाही, अर्धवट हायबरनेट होऊन (स्थिती डिस्कवर साठवून) पडतं, आणि लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडायला गेलं की रीड-ओन्ली. बंद कर म्हटलं की बंद व्हावं, एवढी साधी अपेक्षा आहे.

लिनक्सवालेही काही संत नाहीत. ग्रब 2.06 पासून ओएस-प्रोबर, म्हणजे डिस्कवरच्या बाकीच्या ओएस शोधून मेनूत टाकणारा भाग, डिफॉल्टनेच बंद, का तर सिक्युरिटी. म्हणजे ज्या कामासाठी लोक ग्रब वापरतात तेच बंद करून ठेवलंय, हवं असेल तर कॉन्फिग फाईलमध्ये जाऊन एक ओळ टाका.

आणि ऑगस्ट 2024 विसरलेलो नाही. विंडोजचं सिक्युरिटी अपडेट आलं, ड्युअल बूटवाल्यांना (एका मशीनवर दोन ओएस ठेवणाऱ्यांना) लागणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, आणि तरी किती जणांचं लिनक्स सिक्युअर बूटने, म्हणजे भरवशाचं नसलेलं काही चालू न होऊ देणाऱ्या फर्मवेअरच्या पहाऱ्याने, अडवून धरलं. स्क्रीनवर काय तर एसबॅट (जुने, धोक्याचे बूटलोडर अडवायची व्यवस्था) सेल्फ-चेक फेल्ड. पूर्ण दुरुस्ती यायला मे 2025 उजाडला!

यावर शहाणे लोक सांगणार, व्हर्च्युअल मशीन टाक ना, म्हणजे एका ओएसच्या आत दुसरी चालव. 8 जीबी रॅममध्ये?? दोघांना चार-चार वाटून देऊ आणि मी ब्राउझर न उघडता बसू? डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतलं लिनक्स, वापर म्हणे. टर्मिनलपुरतं छान आहे, पण मला अख्खा डेस्कटॉप हवाय आणि ग्राफिक्स कार्ड पूर्ण हवंय, म्हणून तर हा उद्योग.

त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे दोन एसएसडी, प्रत्येकावर आपापलं ईएफआय पार्टिशन. तिथेही विंडोज टाकताना दुसरी डिस्क काढूनच ठेवा, नाहीतर पठ्ठ्या त्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्येच आपलं बूटलोडर टाकून मोकळा होतो. आणि माझ्या लॅपटॉपला दुसरा स्लॉटच नाहीये, तेव्हा तेही बोंबललं.